उपग्रह भोईवाड्यावरून कधी जाणार?

दादरहून रत्नागिरीला रेल्वेने जायला सहा-सात तास लागतात. गणपतीत एसटीनं निघालात तर विचारूच नका. ६८० किलोमीटर उंचीवरून फिरणारा उपग्रह मात्र रत्नागिरीच्या डोक्यावरून निघून भोईवाड्याच्या डोक्यावर ३३ सेकंदांत येतो. हा आकडा साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर निघतो. तो कसा काढायचा आणि मग तेच काम प्रोग्रॅमकडून कसं करून घ्यायचं, ते या लेखात बघू.

उपग्रहापासून पृथ्वीच्या केंद्राकडे एक सरळ रेघ ओढली, की ती जमिनीला जिथे टेकते ती जागा म्हणजे त्या क्षणाला उपग्रहाच्या बरोबर खालची जागा. अशा जागा क्षणाक्षणाला नकाशावर मांडत गेलं की एक नागमोडी रेघ उमटते. तिला ग्राउंड ट्रॅक म्हणतात. आपण भूमार्ग म्हणू.

याची गरज कुणाला पडते? महाराष्ट्रातलं जवळचं उदाहरण २०१६ सालचं आहे. त्या वर्षी आपल्या राज्यातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेले दोन उपग्रह तीन महिन्यांच्या अंतराने श्रीहरिकोट्याहून सुटले. पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' २२ जूनला पीएसएलव्ही सी-३४ वर गेला आणि पवईच्या आयआयटीचा 'प्रथम' २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही सी-३५ वर. 'स्वयम्' जेमतेम किलोभर वजनाचा. त्याचं काम पोस्टमनचं: एका ठिकाणाहून निरोप घ्यायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना तो खाली द्यायचा. 'प्रथम' सुमारे दहा किलोचा. त्याच्या रेडिओ लहरी वातावरणाच्या वरच्या थरातून खाली येताना त्यांच्यात जो फरक पडतो, त्यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजायचं होतं. दोन्हीकडे खाली बसलेल्या विद्यार्थ्याला एक गोष्ट पक्की माहीत असावी लागते: उपग्रह आपल्यावर कधी येणार आणि कुठल्या बाजूने येणार. दिवसातून मोजक्याच वेळा तो येतो आणि काही मिनिटांत निघून जातो. अँटेना भलतीकडे वळलेला असेल तर ती फेरी गेली.

आता कुणी म्हणेल, पायथॉनमध्ये तयार लायब्ररी आहे, चार ओळींत अक्षांश-रेखांश मिळतात, मग हातानं कशाला? लायब्ररी वापराच. पण तिला चुकीची वेळ दिली तर ती चुकीचं उत्तरसुद्धा आठ दशांश स्थळांपर्यंत देते आणि नकाशावर त्याचीही रेघ तितकीच सुंदर दिसते. उत्तर साधारण काय यायला हवं हे ज्यानं एकदा कागदावर काढलंय, त्यालाच ती चूक दिसते.

दोन फिरण्यांची वजाबाकी

भूमार्ग नागमोडी दिसतो म्हणून अवघड वाटतो. मुळात त्यात दोनच गती आहेत. उपग्रह आपल्या कक्षेच्या प्रतलात गोल फिरतो आणि ते प्रतल ताऱ्यांच्या हिशेबात जवळजवळ स्थिर असतं. खाली पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे स्वतःभोवती फिरते. पहिलीतून दुसरी वजा केली की झालं. बाकी सगळं बारीक दुरुस्त्यांचं काम.

सुरुवात फेरीच्या वेळेपासून करू. वर्तुळाकार कक्षेसाठी पाठ करायला सोपं सूत्र असं:

फेरीची मिनिटं = ८४.४९ × (कक्षेची त्रिज्या ÷ पृथ्वीची त्रिज्या) चा दीड घात

पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ किमी. उपग्रह ६८० किमी उंचीवर असेल तर कक्षेची त्रिज्या ७०५८ किमी. भागाकाराचा दीड घात १.१६४ येतो आणि फेरीला ९८.३५ मिनिटं लागतात. 'प्रथम' साधारण याच जातीच्या कक्षेत सोडला गेला होता, म्हणून हीच उंची घेतली. ८४.४९ म्हणजे काय? डोंगर आणि हवा नसती आणि उपग्रह जमिनीला घासून फिरू शकला असता, तर त्याला लागली असती ती मिनिटं.

आता कक्षेचा कल, म्हणजे कक्षेचं प्रतल विषुववृत्ताशी किती कोन करतं तो. आपल्या उदाहरणात तो ९८.१ अंश धरू. (इतका विचित्र आकडा का, ते पुढे येईल.) उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना विषुववृत्त ओलांडतो त्या क्षणापासून घड्याळ सुरू करू. मग कुठल्याही मिनिटाला:

कोन = ३६० × मिनिटं ÷ ९८.३५

अक्षांश = आर्कसाइन [ साइन(कल) × साइन(कोन) ]

रेखांश = सुरुवातीचा रेखांश + आर्कटॅन [ कोसाइन(कल) × साइन(कोन) ÷ कोसाइन(कोन) ] − ०.२५ × मिनिटं

तिसऱ्या ओळीतलं मधलं पद उपग्रहाच्या स्वतःच्या तिरक्या चालीचं. शेवटचं पद खालच्या पृथ्वीचं, मिनिटाला पाव अंश.

भोईवाडा घ्या. परळचा, केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या शेजारचा. अक्षांश १९.०० उत्तर, रेखांश ७२.८४ पूर्व. उपग्रह १९ अंशांवर कधी पोचतो? साइन १९ म्हणजे ०.३२५६, त्याला साइन ९८.१ ने, म्हणजे ०.९९०० ने भागलं की ०.३२८८. म्हणजे कोन १९.२० अंश आणि वेळ ५ मिनिटं १५ सेकंद. एवढ्या वेळात तिरक्या चालीमुळे तो २.८१ अंश पश्चिमेला सरकला आणि खालची पृथ्वी १.३१ अंश पूर्वेला सरकली. एकूण फरक ४.१२ अंश पश्चिमेकडे. म्हणून तो भोईवाड्याच्या बरोबर डोक्यावर यायचा असेल, तर त्यानं विषुववृत्त ७६.९६ पूर्व रेखांशावर ओलांडायला हवं.

हाच हिशेब १७ अंश अक्षांशासाठी केला तर ४ मिनिटं ४२ सेकंद आणि रेखांश ७३.२९ येतो. नकाशा काढून बघा, तिथे रत्नागिरी आहे! गोव्याच्या १५.५ अंशांवर रेखांश ७३.६३, म्हणजे किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात. २० अंशांवर ७२.६१, म्हणजे डहाणूसमोरचा समुद्र. आपला कोकण किनारा उत्तरेकडे जाताना जितका पश्चिमेला कलतो, जवळजवळ तितकाच हा मार्गही कलतो. त्यामुळे या फेरीत उपग्रह जणू कोकण रेल्वेच्या रुळांवरूनच येतो. जमिनीवरचा त्याचा वेग सेकंदाला ६.८ किमी पडतो. हा आकडा लक्षात ठेवा, घड्याळाच्या गोष्टीत तो लागणार आहे.

पुढच्या फेरीचं काय? ९८.३५ मिनिटांत पृथ्वी पाव अंशाच्या हिशेबाने २४.५९ अंश फिरलेली असते, म्हणजे पुढचा मार्ग तितकाच पश्चिमेला पडतो. १९ अक्षांशावर तो ४८.२५ पूर्वेला, सौदी अरेबियाच्या वाळवंटात. भोईवाड्यातून ती फेरी क्षितिजाच्या वर जेमतेम दोन-तीन अंश दिसेल.

मध्यम आणि स्पष्ट

आतापर्यंत कक्षा वर्तुळ धरली. खऱ्या कक्षा थोड्या लंबवर्तुळाकार असतात, म्हणून उपग्रह पृथ्वीच्या जवळ असताना जरा पुढे पळतो आणि लांब असताना रेंगाळतो. पंचांग करणाऱ्या घरातला कुणी मित्र असेल तर त्याला हे नवीन नाही. तिथे आधी मध्यम ग्रह काढतात, म्हणजे ग्रह एकसारख्या वेगानं चालला असता तर कुठे असता ते. मग त्याला मंदफल नावाची दुरुस्ती देऊन स्पष्ट ग्रह मिळवतात. उपग्रहालाही आपण नेमकं तेच करतो, फक्त दुरुस्ती केप्लरच्या समीकरणानं देतो:

मध्यम कोन = मदतीचा कोन − उत्केंद्रता × साइन(मदतीचा कोन)

मध्यम कोन माहीत असतो, मदतीचा कोन काढायचा असतो, आणि तो बीजगणितानं सुटा करता येत नाही. म्हणून न्यूटन-रॅफसन. दुसऱ्या वर्षाला मॅथ्समध्ये शिकताना "याचा उपयोग काय" असं विचारत होतो ना, तो इथे आहे. सुरुवातीचा अंदाज म्हणून मध्यम कोनच द्यायचा. उपग्रहाची उत्केंद्रता इतकी लहान असते की दोन-तीन फेऱ्यांत उत्तर बसतं. अट एकच, इथे सगळे कोन रेडियनमध्ये हवेत.

ही दुरुस्ती किती मोठी? उत्केंद्रता ०.००३ असेल तर जास्तीत जास्त ०.३४ अंश, जमिनीवर ३८ किमी. पहिल्या कच्च्या प्रोग्रॅममध्ये सोडून दिली तरी चालेल. अँटेनासाठीच्या पक्क्या प्रोग्रॅममध्ये चालणार नाही.

उपग्रहाचा राहू

कक्षा जिथे विषुववृत्ताला वर जाताना छेदते त्या बिंदूला आरोही पात म्हणतात. चंद्राच्या कक्षेचा क्रांतिवृत्तावरचा असाच पात म्हणजे आपला राहू. तो नेहमी उलटा चालतो आणि सुमारे १८.६ वर्षांत एक चक्कर पूर्ण करतो, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. चंद्राच्या पाताला मागे ओढतो तो मुख्यतः सूर्य. उपग्रहाच्या पाताला ओढतो तो पृथ्वीचा फुगीर कंबरपट्टा. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तापाशी ती ध्रुवांपेक्षा फुगलेली आहे, आणि त्या जादा वस्तुमानामुळे कक्षेचं प्रतलच हळूहळू वळत राहतं. जवळजवळ वर्तुळाकार कक्षेसाठी:

पाताची रोजची चाल (अंश) = − ९.९६४ × (पृथ्वीची त्रिज्या ÷ कक्षेची त्रिज्या) चा साडेतीन घात × कोसाइन(कल)

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा कल ५१.६४ अंश, उंची सव्वाचारशे किमीच्या आतबाहेर. सूत्रात घातलं की रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे, राहूसारखीच उलटी चाल. ही दुरुस्ती विसरून कालच्या माहितीवरून आजचा मार्ग काढलात, तर मुंबईच्या अक्षांशावर तो सव्वापाचशे किलोमीटर पूर्वेला पडेल. म्हणजे प्रोग्रॅम सांगणार भोईवाडा, आणि स्थानक जाणार मधल्या अरबी समुद्रावरून.

कल ९० अंशांपेक्षा जास्त झाला की कोसाइन ऋण होतो आणि राहू सरळ चालू लागतो. ६८० किमीवर कल ९८.१ ठेवला तर पाताची चाल रोज ०.९८५६ अंश पूर्वेकडे येते. सूर्यही ताऱ्यांमधून सरासरी इतकाच पूर्वेला सरकतो. त्यामुळे असा उपग्रह दर वेळी विषुववृत्त साधारण त्याच स्थानिक वेळेला ओलांडतो. फोटो काढणाऱ्या उपग्रहांना सावल्या रोज सारख्या हव्या असतात, म्हणून त्यांची ही आवडती कक्षा. ९८.१ या आकड्याचं गुपित एवढंच. वरच्या सूत्रातला पाव अंशही इथूनच आला: ताऱ्यांच्या हिशेबात पृथ्वी दिवसाला ३६०.९८५६ अंश फिरते, पात स्वतः ०.९८५६ पुढे जातो, उरले बरोबर ३६०. अंतराळ स्थानकासाठी मात्र पाव अंश वापरू नका. तिथे पृथ्वीचे ३६०.९८५६ आणि पाताचे ५ अशी बेरीज करावी लागते.

घड्याळ, घड्याळ आणि घड्याळ

एवढं सगळं बरोबर केलं तरी प्रोग्रॅम चुकतो, आणि बहुतेक वेळा तो वेळेपाशी चुकतो.

भोईवाड्याचा रेखांश ७२.८४. दर अंशाला ४ मिनिटं धरली तर ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. हीच ती जुनी 'बॉम्बे टाइम'. १ जानेवारी १९०६ ला देशात साडेपाच तासांची प्रमाण वेळ लागू झाली. ती ८२.५ अंशांच्या रेखांशाची, मुंबईच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटं पुढची. त्याच महिन्यात मुंबईतल्या काही हजार गिरणी कामगारांनी काम सोडून गिरण्यांवर दगडफेक केली होती. शहरानं आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. भोंग्यावर आयुष्य चालणाऱ्या वस्तीत घड्याळ कुणाचं हा प्रश्न साधा नव्हता. असो. आपल्या प्रोग्रॅमला यातली एकही वेळ नको, त्याला हवी जागतिक वेळ, यूटीसी. मनगटावरच्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे.

हे विसरलं तर काय होतं ते आकड्यांत बघा. साडेपाच तासांत पृथ्वी ८२.७ अंश फिरते आणि आपला उपग्रह ३.३६ फेऱ्या मारून बसलेला असतो. उत्तर पूर्ण वेगळं, पण नकाशावरची रेघ तशीच नागमोडी आणि देखणी. कॉम्प्युटरचं घड्याळ दहाच सेकंद पुढे असेल तर? सेकंदाला ६.८ किमी या हिशेबानं ६८ किमी. तेव्हा प्रोग्रॅम चालवण्याआधी घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या.

पुढची पायरी दिवस मोजण्याची. तारीख-महिना-वर्ष या भानगडीत हिशेब होत नाही, म्हणून एका ठरलेल्या क्षणापासून किती दिवस झाले ते मोजतात. पंचांगात याला अहर्गण म्हणतात. रायगड जिल्ह्यात मुरुडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिला. अहर्गणाचा आकडा फुगत जाऊन गुणाकार किचकट होतात, म्हणून त्यांनी ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र धरून आकडा लहान ठेवला. ज्या-चापांशिवाय, म्हणजे साइनच्या कोष्टकाशिवाय ग्रहगणित करून दाखवलं ते वेगळंच. मेमरी कमी असताना प्रोग्रॅमर ज्या युक्त्या करतो त्याच जातीची ही युक्ती. (आपला रत्नागिरी-भोईवाडा मार्ग नांदगावच्याही अगदी जवळून जातो, भोईवाड्याच्या दहाएक सेकंद आधी.)

आपण अहर्गण १ जानेवारी २०००, दुपारी १२ यूटीसी इथून मोजू. मग ग्रीनिचचा रेखांश ताऱ्यांच्या हिशेबात किती वळलाय ते:

ग्रीनिच कोन = २८०.४६०६२ + ३६०.९८५६४७४ × दिवस

आलेल्या आकड्यातून ३६० ची पटं काढून टाकायची. 'प्रथम' घेऊन जाणारं रॉकेट २६ सप्टेंबर २०१६ ला सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी सुटलं, यूटीसीप्रमाणे ३:४२. दिवस झाले ६११२.६५४१६७. ग्रीनिच कोन येतो ६०.८८ अंश. तुमच्या प्रोग्रॅमचं उत्तर हेच येतंय का बघा. १४३.६ आलं तर साडेपाच तास वजा करायचे राहिलेत.

उपग्रहाची जागा ताऱ्यांच्या हिशेबात (विषुवांश) काढलेली असते. त्यातून हा ग्रीनिच कोन वजा केला की नकाशावरचा रेखांश मिळतो.

दोन ओळींची कुंडली

खऱ्या उपग्रहाची माहिती 'टू लाइन एलिमेंट्स' या नावानं मिळते. प्रत्येकी ६९ रकान्यांच्या दोन ओळी, त्यात कल, पाताचा विषुवांश, उत्केंद्रता, उपभूचा कोन, मध्यम कोन, दिवसाला किती फेऱ्या, आणि ही माहिती कुठल्या क्षणाची आहे ते. रचना पंच-कार्डांच्या काळातली, त्यामुळे तिचे काही नखरे आहेत. उत्केंद्रतेत दशांश चिन्ह लिहीतच नाहीत, ०.००३ असेल तर ००३०००० एवढंच. वर्षाचे दोनच अंक: ५७ ते ९९ म्हणजे विसावं शतक (पहिला स्पुटनिक १९५७ चा), ०० ते ५६ म्हणजे एकविसावं. दिवस वर्षारंभापासून मोजलेला, पण १ जानेवारी हा शून्यावा नसून पहिला. वर काढलेला क्षण तिथे १६२७०.१५४१६६६७ असा दिसेल: २०१६ चा २७० वा दिवस. ॲरे शून्यापासून मोजायची सवय झालेल्यांनी इथे जपावं, नाहीतर अख्खा एक दिवस जातो.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. या ओळींतले आकडे एका ठरावीक गणितासाठीच तयार केलेले सरासरी आकडे आहेत. त्या गणिताचं नाव एसजीपी-फोर. १९८० साली त्याचा फोरट्रान कोडसकट अहवाल निघाला आणि आजही तेच वापरतात. त्यात पृथ्वीचा फुगीरपणा आणि विरळ हवेचा अडथळा दोन्ही धरलेले असतात. म्हणून हे आकडे थेट आपल्या केप्लरच्या सूत्रात घातले तर उत्तर 'साधारण बरोबर' येतं, पक्कं येत नाही. पायथॉनमध्ये या गणिताची लायब्ररी फुकट आहे. तिच्यावर बेतलेलं स्कायफील्ड थेट अक्षांश-रेखांश आणि उंचीचा कोन देतं. सायलॅबवाल्यांसाठी फ्रेंच अंतराळ संस्थेचं सेलेस्टलॅब आहे. माझं मत विचाराल तर आधी आपला शंभर ओळींचा प्रोग्रॅम लिहावा, मग लायब्ररीचं उत्तर शेजारी ठेवून दोन्हींतला फरक किती किलोमीटर आहे त्याचा आलेख काढावा. प्रोजेक्टच्या व्हायव्हात हा एक आलेख दहा स्लाइड्सपेक्षा जास्त बोलतो.

या प्रोग्रॅममध्ये तीन ठिकाणी हमखास ठेच लागते. एक, साधा आर्कटॅन. भागाकार केल्यावर वरचा आकडा ऋण होता की खालचा, हे तो विसरतो, आणि अर्ध्या फेरीत उपग्रह पृथ्वीच्या पलीकडे जाऊन पडतो. सी, मॅटलॅब, पायथॉन सगळीकडे दोन आकडे वेगवेगळे घेणारा एटॅन-टू आहे, तोच वापरा. दोन, रेखांश १८० ओलांडला की तो −१८० करायचा आणि तिथे रेघ तोडायची. नाहीतर पॅसिफिकमधून नकाशाभर आडवी रेघ येते. तीन, पृथ्वी गोल धरून काढलेला अक्षांश नकाशावरच्या अक्षांशापेक्षा थोडा वेगळा असतो. आपल्याकडे हा फरक दशांश अंशाच्या आसपास, म्हणजे बारा किलोमीटर. प्रत्यक्षात भोईवाड्यावर असलेला उपग्रह तुमच्या नकाशावर कुलाब्याच्या टोकाशी दिसेल. वरचं कोकणचं उदाहरण पृथ्वी गोल धरूनच केलं आहे, हेही इथे सांगितलेलं बरं.

गच्चीवरून

भूमार्ग डोक्यावरून जाईलच असं नाही आणि तशी गरजही नाही. ६८० किमी उंचीवरचा उपग्रह क्षितिजापर्यंत धरला तर २८०० किमी लांबच्या जमिनीवरूनही 'दिसतो'. डोक्यावरची फेरी अशी जवळजवळ १४ मिनिटं चालते. पण हे मोकळ्या माळावर. परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेत. आपल्या गच्चीपेक्षा २०० मीटर उंच टॉवर साडेपाचशे मीटरवर असला, की त्या बाजूचं २० अंशांखालचं आकाश गेलं. चारी बाजूंनी २० अंश गेले असं धरलं तर २८०० चे १३२० किमी उरतात आणि १४ मिनिटांची साडेसहा मिनिटं. सौदी अरेबियावरून जाणारी ती दुसरी फेरी तर अर्थातच बाद. म्हणून प्रोग्रॅममध्ये क्षितिजाचा एकच आकडा न ठेवता दिशेनुसार तक्ता ठेवा. एका रविवारी कंपास आणि कोनमापक घेऊन गच्चीवर फिरलं की तो तयार होतो.

रेडिओवर ऐकायचं असेल तर अजून एक भर. उपग्रह जवळ येताना फ्रिक्वेन्सी चढलेली ऐकू येते, लांब जाताना उतरलेली, लोकलच्या भोंग्यासारखी. ४३७ मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यात हा फरक क्षितिजापाशी दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. भूमार्ग बरोबर असेल तर रिसीव्हर किती वळवायचा तेही त्याच प्रोग्रॅममधून मिळतं. फ्रिक्वेन्सी बरोबर मधोमध येण्याची वेळ आणि तुमच्या हिशेबातली सर्वात जवळ येण्याची वेळ जुळली, तर गणिताची परीक्षा झाली. रिसीव्हर नसेल तर अंतराळ स्थानक आहेच. संध्याकाळी खाली अंधार पडलेला आणि वर त्याच्यावर अजून ऊन, अशा वेळी ते मुंबईच्या आकाशातही नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसतं. मात्र माहिती त्याच दिवसाची घ्या. हवेच्या घर्षणानं ते खाली येत असतं, अधूनमधून इंजिन पेटवून त्याला वर ढकलतात, आणि मग जुने आकडे निरुपयोगी होतात.

स्वतः करून बघण्यासाठी एक उदाहरण. हाच ६८० किमीचा उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना भोईवाड्यावरून जायला हवा आहे. त्याआधी त्यानं विषुववृत्त उत्तरेकडे जाताना कुठे ओलांडलं असेल आणि किती वेळापूर्वी? सूचना: साइन तीच, पण कोन १९.२० च्या ऐवजी १६०.८० घ्यायचा, आणि साधा आर्कटॅन इथेच फसवतो.

उत्तर: ९८.९९ पश्चिम, गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला पॅसिफिकमध्ये. ४३ मिनिटं ५६ सेकंद आधी.